विठ्ठल सगळ्यांचा, फोटो मात्र त्याचा

आषाढीच्या आसपास रिंगणाचा एक फोटो दरवर्षी फिरतो. पुरंदावड्याचं गोल रिंगण, धुळीतून चौखूर सुटलेला माऊलींचा अश्व आणि कडेला वाकलेली एक आजी. फोटो फलटणकडच्या एका तरुण फोटोग्राफरचा. एरवी तो लग्नांचे फोटो काढतो. यंदा त्याचं नाव कापून हा फोटो एका पुढाऱ्याच्या फ्लेक्सवरही चढला, तेव्हा त्यानं जाहीर तक्रार केली. त्यावर लोकांचं उत्तर काय, तर "विठ्ठल सगळ्यांचा, मग फोटो तुझा कसा?" लिहिणाऱ्यांत माझ्या शाळेतले चांगले शिकलेसवरलेले मित्र होते. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे.

मी बारा वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. इथे किटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, मुलांचा फोटो काढायचा तर आधी सहीसाठी कागद घरी येतो. आमच्या मंडळानं गणपतीच्या पत्रकावर नेटवरून उचललेला मोदकांचा फोटो छापला, तर महिन्याभरात आबमानुंग, म्हणजे वकिलाची पैसे मागणारी नोटीस, दारात. वर्गणीतून ४८० युरो निमूट भरले. मोदक सगळ्यांचे, असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. इथल्या कायद्यात सहज टिपलेल्या साध्या फोटोलाही ५० वर्षं संरक्षण आहे.

हे मित्रांना सांगितलं तर म्हणाले, "तुझं जर्मनी तुझ्यापाशीच ठेव." ठेवतो. पण आपला कॉपीराइट कायदा १९५७ पासून आहे आणि तो फोटोला काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण देतो. त्याच्या ५७व्या कलमाप्रमाणे हक्क विकून टाकले तरी 'हे मी केलंय' असं सांगण्याचा अधिकार करणाऱ्याकडेच राहतो. आणि कायदाही बाजूला ठेवा. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येतं, 'नामा म्हणे' येतं. दळणकांडण करणारी जनाबाईसुद्धा शेवटी आपलं नाव घालते. विठ्ठल त्यांचाही होता की! तो सगळ्यांचा आहे म्हणून तुकोबांचं नाव खोडायची कुणाची छाती झाली? मग या पोराचंच नाव कसं जड झालं?

त्यानं पुरावा म्हणून मूळ फोटो टाकला होता. डाव्या कोपऱ्यात त्याचं नाव आणि त्याला लागूनच त्या आजीचा हात. अश्व पुढे गेल्यावर टापांखालची माती कपाळी लावतात, ती माती तिच्या मुठीत आहे. नाव कापताना तो हातही गेला.

हे मला इतकं नेमकं कळलं, कारण तो कापलेला फोटो माझ्या दिवाणखान्यात लावलेला आहे. चार वर्षांपूर्वी डाउनलोड केला आणि डीएम नावाच्या इथल्या दुकानातून मोठा छापून घेतला. आजी नमस्कार करतेय असंच मी धरून चाललो होतो. जर्मन वकिलाला पैसे देताना हू की चू केलं नाही, आणि या मुलाचं नाव शोधावं हेही सुचलं नाही. पाहुण्यांनी विचारलं की 'आमच्याकडचं आहे' म्हणून सांगायचो. खरं तर वारीत मी एक पाऊल चाललेलो नाही. पुण्यात होतो तेव्हा पालखी आली की रस्ते बंद म्हणून कुरकुरायचो. इथे आल्यावर मात्र भिंतीवर तेच हवंसं झालं.

गेल्या आठवड्यात त्याला सगळं लिहिलं, पैसे पाठवले. त्यानं नाव असलेली मोठी फाइल पाठवली आणि खाली विचारलं, "दादा, तुम्ही कुठल्या दिंडीत असता?"

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.