लिंबाचा सामू ९.९ नाही: ‘क्षारीय आहारा’च्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

२०२० च्या टाळेबंदीत जगभर फिरलेला एक संदेश आता मराठीत उतरून परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या व्हॉट्सॲप गटांवर पुन्हा फिरू लागला आहे. त्यात म्हटले आहे की कोरोनाच्या विषाणूचा सामू (इंग्रजीत pH, म्हणजे द्रावण किती आम्ल किंवा आम्लारी आहे ते सांगणारा अंक) ५.५ ते ८.५ असतो, म्हणून त्याहून जास्त सामू असलेले पदार्थ खाल्ले की विषाणू मरतो. पुढे पदार्थांची यादी येते : लिंबू ९.९, आंबा ८.७, संत्रे ९.२, अननस १२.७, लसूण १३.२, अ‍ॅव्होकॅडो १५.६ आणि डँडेलियन नावाची वनस्पती २२.७. शेवटी कृती दिली आहे. गरम पाण्यात लिंबू पिळून चमचाभर खायचा सोडा घालावा आणि ते पाणी रोज अनशापोटी प्यावे, म्हणजे शरीर ‘क्षारीय’ होते. आणि क्षारीय शरीरात कर्करोगसुद्धा टिकत नाही, हे सिद्ध केल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांना १९३१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, असाही दावा त्यात आहे.

मी परभणी जिल्ह्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांनी हा संदेश वाचून तीन आठवडे रोज सोडा घेतला. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती. पाय सुजल्यावर ते डॉक्टरांकडे गेले, तेव्हा सोड्याचे प्रकरण घरच्यांना कळले. आजोबा पूर्वी शिक्षक होते आणि आकडे दिसले की ते तपासून पाहणारे होते. तरीही दशांश चिन्हापर्यंत दिलेले आकडे पाहून त्यांचा विश्वास बसला. त्यामुळे मी आकड्यांपासूनच सुरुवात करतो.

आधी एका शब्दाचा खुलासा करायला हवा, कारण अर्धा गोंधळ तिथे आहे. ‘क्षारीय’ हा शब्द हिंदीतून आला आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत आम्लाच्या विरुद्ध गुणधर्माच्या पदार्थाला आम्लारी म्हणतात आणि आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून पाण्याबरोबर जे तयार होते त्याला क्षार म्हणतात. मीठ हा क्षार आहे आणि त्याचे पाण्यातले द्रावण उदासीन असते. मराठवाड्यात ‘बोअरच्या पाण्यात क्षार फार आहेत’ असे आपण म्हणतो, ते भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांबद्दल असते. ‘क्षारीय पाणी आरोग्याला चांगले’ हे वाचून आपले जड पाणीच औषधी आहे, असा समज एका गावात मी प्रत्यक्ष ऐकला आहे. किनवटसारख्या भागात हा समज घातकही आहे, कारण तिथल्या भूजलात फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे आणि ज्या पाण्याचा सामू जास्त व कॅल्शियम कमी असते त्यात फ्लोराइड अधिक विरघळून राहते.

आता यादी. सामू ही कल्पना डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. द्रावणातील हायड्रोजन आयनांचे (विद्युतभारित कणांचे) प्रमाण सांगणारी ही पट्टी आहे : ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. तिची प्रत्येक पायरी दहापटीची आहे. सामू ७ ऐवजी ६ झाला की हायड्रोजन आयन दहापट होतात, ५ झाला की शंभरपट. आपल्या शेतकऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे. आपल्या काळ्या जमिनीचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ असतो. तो साडेआठच्या वर गेला आणि सोडियम वाढले की जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही, पिकाला लोह मिळेनासे होते आणि शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते. माती परीक्षणाच्या अहवालात अर्ध्या अंकाचा फरक दिसला तरी तो गांभीर्याने घ्यावा लागतो, कारण अर्धा अंक म्हणजे तिपटीहून जास्त फरक.

लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.६ च्या दरम्यान असतो. २.३ धरला तर संदेशातला ९.९ हा आकडा त्याच्यापासून ७.६ पायऱ्या दूर आहे, म्हणजेच हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात सुमारे चार कोटी पटींची चूक आहे.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, हळद पुरेशी आहे. वसमतच्या हळदीची चिमूटभर पूड दोन चमचे पाण्यात कालवावी, वहीच्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्या तीत बुडवून सावलीत वाळवाव्यात. एका पट्टीवर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकावा. थेंब जिथे पडला तिथून तांबडा ठिपका कागदाच्या धाग्यांबरोबर पसरत जातो आणि त्याची कड गडद दिसते. दुसऱ्या पट्टीवर लिंबाचा थेंब टाकावा; ती ओली होते, पण पिवळीच राहते. मग पहिल्या पट्टीच्या तांबड्या ठिपक्यावर लिंबू पिळावे. लाल रंग मागे हटतो, पिवळा परत येतो, कारण लिंबातल्या आम्लाने चुन्याचे उदासिनीकरण केले. हळदीतील कुर्कुमिन हे नैसर्गिक दर्शक आहे. सामू साधारण ७.४ च्या खाली ते पिवळे राहते आणि ८.६ च्या आसपास तांबडे होते. मुरगळलेल्या पायावर लावलेला हळद-चुन्याचा लेप लाल होतो, कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, त्यामागे हेच कारण आहे. लिंबाचा सामू खरोखर ९.९ असता तर ताटातल्या वरणावर लिंबू पिळताच वरण लाल झाले असते. आपण रोज जेवताना हा प्रयोग करतो आणि रोज वरण पिवळेच राहते.

आंब्याचेही तसेच. आंबट पदार्थ कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ठेवला तर कळकतो, हे आपल्या घरातल्या बायकांना सामू हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. आम्ल पितळेतल्या तांब्यावर क्रिया करते म्हणून तो कळकतो. चिंचेने तांब्याचा हंडा लख्ख निघतो तोही आम्लामुळेच. कैरी तर उघडच आंबट असते, पण पिकलेला केसर आंबा गोड लागला तरी तो आम्लधर्मीच असतो. साखर वाढल्याने आंबटपणा जिभेला जाणवत नाही एवढेच. संत्रे आणि अननस यांचा सामू साधारण साडेतीन-चारच्या आसपास असतो.

संदेशात अननसाला दिलेला १२.७ हा सामू चुन्याच्या निवळीहूनही जास्त आहे, कारण निवळीचा सामू सुमारे १२.४ असतो. लसणाला दिलेला १३.२ सामू मिळवायचा तर एक लिटर पाण्यात सहा ग्रॅमहून जास्त कॉस्टिक सोडा विरघळवावा लागेल. असे द्रावण कातडी सोलून काढते, आणि आपण तर लसणाची चटणी भाकरीबरोबर खातो. खऱ्या लसणाचा सामू सहाच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. ॲव्होकॅडोही सहा-साडेसहाच्या आसपासच आहे.

डँडेलियनच्या २२.७ या आकड्यापाशी जरा थांबले पाहिजे, कारण संदेश रचणाऱ्याला सामू म्हणजे काय हेच माहीत नव्हते, याचा पुरावा त्यात आहे. सामूची पट्टी ० ते १४ असते असे आपण शिकवतो. ती भिंत नाही. अतितीव्र आम्लाचा सामू शून्याच्या थोडा खाली आणि अतितीव्र आम्लारीचा चौदाच्या थोडा वर जाऊ शकतो. पण २२.७ चा हिशेब करून पाहू. चौदाच्या वर ८.७ पायऱ्या म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे ५० कोटी मोल (मोल म्हणजे कण मोजण्याचे रसायनशास्त्रातले एकक) हायड्रॉक्साइड आयन, म्हणजे आम्लारीला तिचा गुण देणारे आयन. एका मोलचे वस्तुमान १७ ग्रॅम. गुणाकार केला की सुमारे ८५ लाख किलो, म्हणजे साडेआठ हजार टन हायड्रॉक्साइड एका लिटरच्या तांब्यात मावावे लागेल. एक लिटर शुद्ध पाण्यात पाण्याचेच रेणू जेमतेम ५५.५ मोल असतात. असा पदार्थ पृथ्वीवर कुठेही असू शकत नाही.

दुसरा दावा विषाणूच्या सामूचा. सामू हा द्रावणाचा गुणधर्म आहे, कणाचा नव्हे. विषाणू म्हणजे प्रथिने आणि जनुकीय द्रव्य यांचा, काही वेळा स्निग्ध वेष्टन असलेला कण; त्याला स्वतःचा सामू नसतो. तो कोणत्या सामूच्या द्रावणात टिकतो, हे मात्र तपासता येते. साबणाने हात धुतल्यावर कोरोनाचा विषाणू निकामी होतो तो साबण आम्लारिधर्मी आहे म्हणून, असे काहींनी मला सांगितले. मुख्य कारण तसे नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याशी आणि दुसरे स्निग्ध पदार्थाशी जुळते, त्यामुळे विषाणूचे स्निग्ध वेष्टनच फुटते.

तिसरा दावा शरीर ‘क्षारीय’ करण्याचा. शरीराचा कोणता भाग, हा पहिला प्रश्न. जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू साधारण १.५ ते ३.५ असतो, तिथे जे काही पोहोचेल ते आधी त्या आम्लात मिसळते. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा बायकार्बोनेटयुक्त रस ते आम्ल उदासीन करतो. रक्ताचा सामू मात्र ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो, आणि तो तिथे राखण्यासाठी शरीर अहोरात्र काम करते. रक्तात बायकार्बोनेट आणि कार्बोनिक आम्ल सुमारे २० : १ या प्रमाणात असतात. आम्ल वाढले तर बायकार्बोनेट ते धरून घेते आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांतून बाहेर पडतो. आम्लारी वाढली तर श्वास मंदावतो आणि मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून देतात. फुप्फुसांना यासाठी काही मिनिटे पुरतात, मूत्रपिंडांना काही तास ते दिवस लागतात. हा सामू ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेला तर जीव वाचणे अवघड होते. म्हणजे संदेशाने सांगितल्याप्रमाणे रक्त ८.५ च्या वर नेता आले असते, तर विषाणूच्या कितीतरी आधी माणूस दगावला असता.

या दाव्यात सत्याचा एक कण आहे, तो नाकारणे योग्य होणार नाही. लिंबातल्या सायट्रिक आम्लाचे सायट्रेट शरीरात जळते तेव्हा मागे बायकार्बोनेट उरते, त्यामुळे फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्याच्या लघवीचा सामू थोडा वाढतो. काही प्रकारच्या मूतखड्यांत डॉक्टर सायट्रेट देतात ते याच आधारावर. परंतु लघवीचा सामू ४.५ ते ८ असा खालीवर होतो, तो रक्ताचा सामू खालीवर होऊ नये म्हणूनच. लघवीची पट्टी बदलली म्हणजे शरीर बदलले, असे म्हणणे हे मोरीतून वाहणारे पाणी पाहून रांजणातल्या पाण्याची परीक्षा करण्यासारखे आहे.

वारबुर्ग यांच्याविषयीचे विधान तर सरळ खोटे आहे. १९३१ चे नोबेल त्यांना श्वसनातील विकराचे (एन्झाइमचे) स्वरूप आणि कार्यपद्धती शोधल्याबद्दल मिळाले. कर्करोगाच्या पेशी प्राणवायू असतानाही ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, हे निरीक्षण त्यांचेच आहे. त्याचा अर्थ गाठ स्वतः भोवती आम्ल निर्माण करते असा आहे. आम्लामुळे गाठ होते असा नाही. प्रयोगशाळांत कर्करोगाच्या पेशी वाढवतात त्या द्रवाचा सामू साधारण ७.४, म्हणजे किंचित आम्लारिधर्मी असतो, आणि तिथे त्या उत्तम वाढतात. या विधानावर विसंबून कुणी उपचार लांबवले, तर गेलेला वेळ परत मिळत नाही, म्हणून मला हा भाग सर्वांत जास्त सलतो.

राहिला लिंबू-सोडा. सोडा घालताच पेला फसफसतो, कारण सायट्रिक आम्ल सोडियम बायकार्बोनेटबरोबर, म्हणजे खायच्या सोड्याबरोबर, अभिक्रिया करून सोडियम सायट्रेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड देते. लिंबू ९.९ सामूचे असते तर बुडबुडे आलेच नसते, कारण दोन आम्लारिधर्मी द्रावणे एकत्र केल्याने वायू निघत नाही. संदेशाची कृतीच संदेशाची यादी खोडून काढते. एका लिंबात दोन ग्रॅम सायट्रिक आम्ल धरले तर त्याच्या उदासिनीकरणाला सुमारे २.६ ग्रॅम सोडा लागतो. चमचा पाच ग्रॅमचा असेल तर उरलेला जवळपास निम्मा सोडा जठरात जाऊन तिथल्या आम्लाशी तीच अभिक्रिया करतो आणि ढेकर येते. त्या ढेकरेलाच लोक ‘गुण आला’ म्हणतात.

सोडियम मात्र यात कुठेही नाहीसे होत नाही. सायट्रेट झाले किंवा मीठ झाले तरी ते शरीरात जाते. सोडियम बायकार्बोनेटच्या ८४ ग्रॅममध्ये २३ ग्रॅम सोडियम असते, म्हणजे पाच ग्रॅमच्या चमच्यात सुमारे १.३७ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसासाठी दिवसभराची मर्यादा २ ग्रॅमच्या खाली सांगते, आणि आपल्या जेवणातले मीठ, लोणचे, पापड यांचे सोडियम त्यात वेगळे धरायचे असते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंड यांचा त्रास असलेल्याच्या अंगात यामुळे पाणी साचते. त्या आजोबांचे पाय यामुळेच सुजले, असे डॉक्टरांनी सांगितले; सोडा बंद केल्यावर आणि गोळ्या नीट सुरू ठेवल्यावर आठवड्याभरात सूज उतरली. मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना डॉक्टर स्वतःच सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात, पण त्या रक्तातले बायकार्बोनेट मोजून, मात्रा ठरवून आणि पुन्हा पुन्हा तपासणी करून दिल्या जातात.