दहापैकी सात देण्याचे शास्त्र

अ‍ॅनिमे (म्हणजे जपानी अॅनिमेशन मालिका) पाहणाऱ्याने आपले खरे मत कोणाला सांगू नये, आणि जमल्यास ते स्वतःलाही कळू देऊ नये. उत्तम मालिकेला उत्तम म्हणायला फारशी अक्कल लागत नाही आणि अगदीच टाकाऊ मालिकेला नावे ठेवायला तर चढाओढ असते. खरी कसोटी लागते ती मधल्या मालिकांपाशी, म्हणजे ज्या धड रंगत नाहीत आणि धड सोडवतही नाहीत, ज्यांतल्या नायकाचे नाव शेवटचा भाग संपल्यावर आठवडाभरही लक्षात राहत नाही आणि ज्यांच्याविषयी कोणी विचारलेच तर आपण "बरी आहे, बघ वाटल्यास" एवढेच म्हणून विषय बदलतो. जपानमध्ये जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार हंगामांत दर वर्षी नव्या मालिकांची रास येऊन पडते आणि तिच्यातला मोठा वाटा याच जातीचा असतो. एवढ्या सगळ्यांविषयी खरे बोलत बसलात, तर तुमची गणना रसिकांत न होता तक्रारखोरांत होईल. ते टळावे म्हणून या काही सूचना.

आधी गुणांचे पाहू. मायअ‍ॅनिमेलिस्ट या संकेतस्थळावर दहापैकी गुण देण्याची सोय आहे आणि तिथे प्रत्येक आकड्याचा अर्थही दिलेला आहे: पाच म्हणजे साधारण, सहा म्हणजे ठीक, सात म्हणजे चांगली. ही पट्टी ज्यांनी आखली त्यांना माणसांचा अनुभव नसावा. साधारण मालिकेला पाच दिलेत, तर तिचे चाहते तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतील. त्यापेक्षा मालिकेलाच सात देऊन मोकळे व्हावे. सातमध्ये सगळे मावते. चित्रे छान होती पण कथा नव्हती, हे मावते. कथा होती पण ती चौथ्या भागात संपली, हेही मावते. शेवटचे तीन भाग मोबाइल चाळत पाहिले, हेही मावते. मालिका खरोखर चांगली निघाली तर आठ द्यावेत, आवडली तर नऊ, आणि हंगाम अजून अर्धाही झालेला नसेल तर दहा. एकपासून चारपर्यंतचे आकडे शोभेसाठी ठेवलेले आहेत.

त्यानंतर येतो तीन भागांचा नियम. तीन भाग पाहिल्याशिवाय कोणत्याही मालिकेविषयी मत बनवू नये, असे जाणकार सांगतात आणि पुरावा म्हणून २०११ सालच्या 'पुएल्ला मागी मादोका मागिका'कडे बोट दाखवतात, कारण तिच्या तिसऱ्या भागाच्या शेवटी गोडगुलाबी वाटणाऱ्या कथेने जी कलाटणी घेतली ती आजही लोक विसरलेले नाहीत. तिच्या पहिल्या दोन भागांतही चेटकिणींच्या कात्रणचित्रांसारख्या भुलभुलैयांतून काहीतरी विपरीत सतत डोकावत होते आणि म्हणूनच ती कलाटणी पटली, हे मात्र तुम्ही आठवू नका. आठवलेत तर ज्या मालिकेच्या पहिल्या तीन भागांत शाळा, खिडकीजवळचे बाक आणि आंघोळीचा प्रसंग याखेरीज काहीच नाही, ती तिथेच बंद करावीशी वाटेल. तीन झाले की सहा पाहावेत, आणि सहा झाले की निम्मी झालीच आहे म्हणून उरलेली संपवावी. चोवीस मिनिटांचा एक भाग धरला तर बारा भागांचे पाच तास होतात, तेही पुरते नाहीत. सुरुवातीचे आणि शेवटचे दीड-दीड मिनिटाचे गाणे पुढे ढकलले की दर भागामागे तीन मिनिटे वाचतात आणि वेळेची कदर केल्याचे समाधान मिळते. तरीही सोडावीच लागली तर तिला 'सोडली' या वर्गात टाकू नका. 'तूर्त थांबवली' असा एक वर्ग आहे, तो अशाच भिजत घोंगड्यांसाठी आहे.

दुसऱ्या पर्वांपाशी मात्र नवखा प्रेक्षक हमखास घसरतो, कारण तिथे त्याला पहिले पर्व आठवत असते. 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'चे पहिले पर्व २०१९ साली आले. एक अनाथाश्रम, त्यापलीकडे एक भिंत, मुलांवर जीव लावणारी ममा आणि तिला तोडीस तोड असलेली तीन मुले एवढ्याच सामग्रीवर, कोणाला काय कळले आहे आणि कोणी काय लपवले आहे या एकाच प्रश्नावर, त्या बारा भागांनी प्रेक्षकाला खुर्चीच्या कडेवर बसवले होते. मूळ मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, १८१ प्रकरणे आहेत आणि त्यांतल्या पहिल्या ३७ प्रकरणांना हे बारा भाग लागले. २०२१ साली दुसऱ्या पर्वाने उरलेली कथा अकरा भागांत आटोपली. हा हिशेब ज्याला जमला त्याचे कौतुक करायला हवे. त्यासाठी गोल्डी पॉन्ड हा मांगातला सर्वांत थरारक टप्पा अख्खाच्या अख्खा गाळला, युगो नावाचे मोठे पात्र जन्मालाच घातले नाही, आणि अखेरच्या भागात त्या तिघांतली एमा मागे थांबते त्यानंतरच्या सगळ्या उलाढाली, म्हणजे ते राज्य, ते करार आणि ते बदललेले जग, काही स्थिरचित्रांतून संगीताच्या साथीने सरकवून दिल्या. लग्नाचा अल्बम दाखवणारे यजमानसुद्धा एकेका फोटोवर याहून जास्त वेळ थांबतात. तुम्ही याला गुंडाळणे म्हणू नये, सूचकता म्हणावे. ज्या कथेने प्रेक्षकाला प्रत्येक पावलाचा हिशेब ठेवायला शिकवले, तिनेच शेवटी हिशेब मागू नका म्हणावे, यात केवढे औदार्य आहे!

'वन पंच मॅन'चे त्यामानाने सोपे आहे. २०१५ सालचे पहिले पर्व मॅडहाउस या स्टुडिओने केले, २०१९ सालचे दुसरे जे. सी. स्टाफने. एकाच ठोशात सारे संपवणाऱ्या नायकाची गंमत त्या ठोशाच्या वजनावर उभी असते. दुसऱ्या पर्वात वजन कमी झाले आणि नायकाचा अर्धयांत्रिक शिष्य जेनोस याच्या धातूच्या हातांवरची चकाकी तेवढी वाढली. अशा वेळी "कथा तर तीच आहे ना" असे म्हणून पुढे सरकावे. २०१६ सालच्या 'बर्सर्क'साठी हेही म्हणता येणार नाही. मूळ मांगाकार केंतारो मिउरा यांच्या एकेका पानावर रेषांचे जे दाट विणकाम असते, त्याच्या जागी तिथे संगणकावर घडवलेल्या ताठर आकृत्या आल्या आणि नायक गट्सची तलवार कशावरही आदळली तरी तोच एक खणखणाट ऐकू येऊ लागला. कॅमेरा मात्र अखंड गरगरत राहतो, जेणेकरून पात्रे नीट हलत नाहीत हे कोणाच्या ध्यानात येऊ नये. १९९७ सालच्या जुन्या मालिकेत हालचाल बेताचीच होती, कित्येकदा तर एकच स्थिर चित्र पुरवून वापरलेले असे, आणि तरी त्या चित्रांतले चेहरे काही विचार करीत आहेत असे वाटे. ही तुलना कोणापुढे करू नका. जुने ते सोने म्हणणाऱ्यांत तुम्हाला ढकलले जाईल.

निराशा लपत नसेल, तर "मूळ मांगा वाचा" हे ब्रह्मास्त्र काढावे. ते खोटे नसते, हीच त्याची ताकद. बहुतेक मालिकांमागे प्रकाशक, संगीत कंपनी, वाहिनी, वस्तू विकणारे अशांची मिळून एक निर्मिती समिती असते. पैसा ती घालते, नफाही तीच वाटून घेते; चित्रे करणाऱ्या स्टुडिओला सहसा ठरलेली रक्कम मिळते. प्रकाशकाच्या दृष्टीने बारा भागांची मालिका म्हणजे पुस्तकाची पाच तासांची जाहिरात. कथा ऐन रंगात आली असता मालिका संपते आणि तुम्ही पुस्तकाकडे वळता, तेव्हा जाहिरातीने आपले काम चोख केलेले असते. अपूर्ण राहिलेली असते ती फक्त मालिका. याला जोडूनच दुसरा युक्तिवाद ठेवावा: चित्रकारांना रेखाटनामागे तुटपुंजे पैसे मिळतात, तेव्हा टीका करणे अमानुष आहे. पहिले विधान खरेच आहे आणि लाजिरवाणेही. पण त्या चित्रकारांच्या कष्टांची ढाल पुढे करून आपण बहुतेक वेळा पटकथा लिहिणाऱ्याला आणि वेळापत्रक आखणाऱ्याला वाचवीत असतो, हे बोलून दाखवण्याचे कारण नाही.

कधी कधी मालिकेचा शेवटच लागत नाही. २०२१ सालच्या 'वंडर एग प्रायॉरिटी'ची चित्रभाषा पाहून डोळे निवले होते, पण वेळापत्रक कोलमडले, आठवा भाग मागच्याच कथेची उजळणी करण्यात गेला, आणि मार्चमध्ये बारावा भाग संपल्यानंतर उरलेला शेवट जूनच्या अखेरीस एका विशेष भागातून आला. त्याने जुन्या प्रश्नांची उत्तरे देण्याऐवजी त्यांत भर घातली. इथे "अर्थ खोल आहे, पुन्हा पाहायला हवी" असे म्हणण्याची पद्धत आहे. पुन्हा कोणी पाहत नाही, त्यामुळे विधान अबाधित राहते.

'हारुही सुझुमिया'च्या आठ भागांना मात्र मी मनापासून दाद देतो. २००९ साली त्या मालिकेत उन्हाळी सुट्टीचे तेच ते दिवस पुनःपुन्हा येतात अशी कथा होती, आणि ती सलग आठ आठवडे, जवळजवळ त्याच प्रसंगांसह, आठ वेळा दाखवली गेली. जुनी चित्रफीत पुन्हा लावून भागले असते. क्योतो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओने तसे केले नाही: दर वेळी चित्रे नव्याने काढली, कपडे बदलले, कॅमेऱ्याच्या जागा बदलल्या, कलाकारांकडून संवादही नव्याने बोलून घेतले. प्रेक्षकाला छळण्यासाठी एवढी मेहनत क्वचितच कोणी घेतली असेल. कथेनुसार ते दिवस एकूण १५,५३२ वेळा येतात आणि त्यातले नागातो हे एकटेच पात्र ते सगळे सोसते. आपल्याला आठच सोसावे लागले याबद्दल कृतज्ञ राहावे. पाट्या टाकलेल्या बारा भागांपेक्षा हा हट्टी प्रमाद मला केव्हाही जवळचा वाटतो, कारण निदान त्यावर भांडता येते.

भांडायलाही जिथे काही उरत नाही, ती सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे दुसऱ्या जगात जन्म घेणाऱ्या नायकांच्या मालिका. नमुन्यादाखल २०१७ सालची 'इन अनदर वर्ल्ड विथ माय स्मार्टफोन' घ्यावी. देवाच्या हातून चुकून वीज पडते आणि नायक तोया मरतो. ढगांच्या मधोमध चटया अंथरलेल्या आहेत, तिथे बसवून देव त्याला चहा देतो आणि क्षमा मागतो. तोया रागावत नाही, रडत नाही, आईवडिलांची फारशी चौकशी करीत नाही. नव्या जगात आपला फोन चालावा, एवढीच त्याची मागणी असते. पुढे प्रत्येक प्रकारची जादू त्याला येते, प्रत्येक संकटाला त्याच्यापाशी तयार मंत्र असतो आणि भेटणारी बहुतेक मुलगी त्याच्याशी लग्नाला तयार असते. कोणालाही काहीही गमवावे लागत नाही. प्रेक्षकालाही गमावल्यासारखे वाटत नाही, म्हणून सहा वर्षांनी, २०२३ साली, तिचे दुसरे पर्वही आले. तिसऱ्याची घोषणा झालीच, तर ते ताबडतोब 'पाहायच्या' यादीत टाकून ठेवावे. पाहणे सवडीने होईल. गुण आजच ठरवून ठेवायला हरकत नाही.