60,000 चं पाकीट रोज घ्यायचं नसतं

‘ड जीवनसत्त्व वाढवण्याचे घरगुती उपाय’ असा एक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रक्ततपासणी ही लॅबवाल्यांची लूट आहे, ती करू नका. गुडघे, कंबर दुखत असेल तर मेडिकलमधून ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पाकिटं आणा आणि महिनाभर रोज एक दुधातून घ्या, ‘व्हिटॅमिनच आहे, अपाय होत नाही’. सकाळी 7 चं कोवळं ऊन खिडकीशी बसून 10 मिनिटं घ्या. नाचणी आणि तीळ खा. बाळांना थेंब देऊ नका, मालिश करून उन्हात ठेवा.

माझ्या मावशीने यातलं पाकिटांचं मनावर घेतलं. ओट्यावर फाडलेली पाकिटं दिसली म्हणून विचारलं, तर म्हणाली, “अगं, ग्रुपवर आलंय, सगळेच घेतायत.” तिची पाकिटं बंद झाली. पण ‘सगळेच’ घेत असतील तर गप्प बसणं शक्य नाही.

आधी पाकिटाचा हिशेब. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 2020 मध्ये प्रौढ माणसाची ड जीवनसत्त्वाची रोजची गरज 600 युनिट धरली आहे. म्हणजे एका पाकिटात 100 दिवसांची गरज भागते. कमतरता असेल तर डॉक्टर ते साधारणपणे आठवड्यातून एकदा, 8 आठवडे देतात आणि मग डोस कमी करतात. मेसेजप्रमाणे महिनाभर रोज घेतलं तर होतात 18 लाख युनिट. 8 वर्षांहून जास्त काळाची गरज एका महिन्यात पोटात!

‘जास्तीचं लघवीवाटे निघून जातं’ हे ब आणि क जीवनसत्त्वाबद्दल बऱ्याच अंशी खरं आहे, ड बद्दल नाही. ते चरबीत साठतं. अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, आणि त्याची लक्षणं काय? भूक जाणं, मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी, थकवा, बोलण्यात गोंधळ. सत्तरीच्या माणसात हे दिसलं तर घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात, आणि तिकडे मूत्रपिंडाला इजा होत राहते. पाकीट बंद केलं तरी साठलेलं उतरायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. सोबत कॅल्शियमची गोळी किंवा बीपीची थायझाइड गटातली गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो, कारण ही बीपीची गोळी लघवीवाटे जाणारं कॅल्शियम कमी करते. गुडघेदुखीवर ग्रुपचा सल्ला ऐकणाऱ्या किती आजी-आजोबांना ह्या दोन्ही गोळ्या चालू असतात, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केला होता का?

मोठा डोस म्हणजे मजबूत हाडं, हा समजही टिकत नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या 2,256 स्त्रियांवर एक चाचणी झाली. ती 2010 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. निम्म्या जणींना वर्षातून एकदा 5 लाख युनिट दिले, बाकीच्यांना नुसती औषधासारखी दिसणारी गोळी. हेतू हाडं वाचवण्याचा होता. घडलं उलट: ड घेणाऱ्या गटात पडण्याचं प्रमाण 15 टक्क्यांनी आणि हाड मोडण्याचं 26 टक्क्यांनी जास्त निघालं. तिथे वर्षाला 5 लाख होते. मेसेजवाला महिन्याला 18 लाख सांगतोय.

आता ऊन. त्वचेत ड तयार करणारे उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे बंद खिडकीशी बसून फक्त ऊब मिळते. आणि सूर्य खाली असताना हे किरण वातावरणातच अडतात. तिरुपतीत झालेल्या अभ्यासात सकाळी 11 ते दुपारी 2 ही वेळ सर्वांत उपयोगाची ठरली. सोपी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. तेव्हा हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ, त्वचा भाजू न देता. सावळ्या त्वचेला आणि म्हाताऱ्या माणसांना जास्त वेळ लागतो. सनकोट, स्कार्फ, हातमोजे घालून स्कूटरवर तासभर फिरलं तरी त्याचा उपयोग नाही.

नाचणी आणि तिळात कॅल्शियम चांगलं आहे, ड नाही. ड हवं तर बांगडा, तारली, अंड्याचा पिवळा बलक. शाकाहारी घरात ‘+एफ’ खूण असलेलं दूध किंवा तेल. त्यात अ आणि ड घातलेलं असतं.

तपासणीबद्दल मात्र मेसेजचं निम्मं मान्य करावं लागेल. धडधाकट माणसाने उगाच दरवर्षी ही तपासणी करण्याची गरज नाही, असं एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2024 च्या शिफारशीही सांगतात. फुल बॉडी पॅकेजमध्ये ती सर्रास घातली जाते, हेही खरं. पण तपासणी नको म्हणून थेट 60,000 रोज, हे त्यातून कुठून निघालं? सतत हाडं दुखत असतील, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नसेल, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल, तर तपासणी करायचीच, आणि डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

राहिली बाळं. आईच्या दुधात ड फार कमी असतं, म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज 400 युनिटचे थेंब देतात. मालिश जरूर करा, तेल आणि कोवळं ऊन मात्र थेंबांची जागा घेत नाही. एकच गोष्ट बघा: बाजारात 1 मिलिलिटरमध्ये 400 आणि 800 युनिट, अशा दोन्ही बाटल्या मिळतात. बाटली बदलली तर ड्रॉपर किती भरायचा ते पुन्हा विचारून घ्या.