पोथी आपली, बादशहा त्यांचा

परवा कट्ट्यावर मास्तरांनी विषय काढला. "ऋग्वेद म्हणतो, 'एकं सद् विप्रा बहुधा वदन्ति'. सत्य एकच, नावं अनेक. इस्लाममध्ये आहे असं? तिथे दुसरा धर्म अल्लाला मंजूरच नाही!"

वकील म्हणाला, "कुराणाच्या तिसऱ्या सूरेत, म्हणजे अध्यायात, तसं आहे, मी कुठे नाकारतो? पण धर्मात जबरदस्ती नाही, हेही दुसऱ्या सूरेत आहे. १०९ वी सूरा तर संपतेच 'तुमचा धर्म तुम्हाला, माझा मला' असं सांगून."

"मग जिझिया? तो मुसलमान नसणाऱ्यांवरचा कर?"

"होताच. अकबरानं १५६४ साली उठवला, औरंगजेबानं १६७९ मध्ये पुन्हा लादला. दोघंही मुसलमानच."

इथे मला राहवेना. मास्तर, तुम्ही आपल्याकडून ऋचा काढता आणि त्यांच्याकडून बादशहा! ऋचेसमोर आयत ठेवा, बादशहासमोर आपला समाज. चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं, आणि ते परधर्मीयसुद्धा नव्हते. इथले लोक परक्यांना म्लेच्छ समजतात, त्यांच्यासोबत खात-पीत नाहीत, हे अल्बेरुनी या मुसलमान विद्वानानं अकराव्या शतकात लिहून ठेवलंय.

आणि 'सगळं एकच' म्हणण्यातही गोम आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात कृष्ण सांगतो, इतर देवांचे भक्त मलाच पूजतात, पण विधी सोडून. म्हणजे समोरच्याला घरात घेतलं, पण बसवलं खालच्या पायरीवर. बुद्धाला विष्णूचा अवतार केलं ते असंच. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत ते साफ नाकारलंय. इस्लाम उलट उघड सीमा आखतो. पलीकडच्याला जिझिया घेऊन राहू देतो, दुय्यम म्हणून.

"म्हणजे दोन्ही सारखेच?" मास्तर चिडले.

नाही, सारखे नाहीत. मूर्तिपूजेबद्दल कुराण कठोर आहे, त्याला मवाळ करून सांगणं मला पटत नाही. वकिलालाही ते मान्य होतं. "पण मग औरंगजेबाच्या थोरल्या भावाचं, दारा शुकोहचं काय?" त्यानं विचारलं. दारानं १६५७ साली उपनिषदं फारसीत आणली, कुराणात उल्लेख असलेला गुप्त ग्रंथ तो हाच, असं मानलं. दोनच वर्षांत धर्मद्रोहाचा ठपका ठेवून त्याला मारलं.

"मारणारा कोण ते बघा," मास्तर म्हणाले.

"मेला कोण तेही बघा ना!"

मी वकिलाच्या बाजूनं. भांडण तख्ताचं होतं, धर्मद्रोहाचा ठपका औरंगजेबाला सोयीचा पडला. मास्तरांना अजून हे मंजूर नाही.