ग्राउनचं चर्च पुरात बुडालेलं नाही

तळ्याच्या पाण्यातून वर आलेला चर्चचा मनोरा आणि मागे आल्प्सचे डोंगर, हा फोटो अधूनमधून फिरतोच. सोबतचा मजकूरही ठरलेला: इटलीतलं ग्राउन हे गाव शेकडो वर्षांपूर्वी एका रात्रीत पुराने गिळलं, खाली अख्खं चर्च अजून शाबूत आहे आणि थंडीत त्याच्या घंटा ऐकू येतात. फोटो खरा आहे. मजकूर मात्र एका गावावर झालेला अन्याय झाकून टाकतो, म्हणून हे लिहितो आहे.

घंटांचं आधी उरकून घेऊ. त्या जुलै 1950 मध्येच मनोऱ्यातून उतरवल्या गेल्या. वाजायला तिथे काही उरलेलंच नाही.

खाली चर्चही नाही. घंटा उतरवल्यावर आठवड्याभरातच संत कॅथरिनच्या या चर्चची बाकीची इमारत पाडली. 14व्या शतकातला मनोरा तेवढा ऐतिहासिक वास्तू म्हणून वाचला. हिवाळ्यात तळं गोठलं की लोक बर्फावरून चालत त्याच्यापर्यंत जातात.

आता पूर. हे गाव, जर्मनमध्ये ग्राउन आणि इटालियनमध्ये कुरोन, दक्षिण टायरोलमध्ये ऑस्ट्रियाच्या सीमेलगत आहे. तिथे आधीपासून दोन नैसर्गिक तळी होती. 1920 मध्ये धरण बांधून त्यांची पातळी 5 मीटरने वाढवायची योजना होती. 1939 पर्यंत ही योजना 22 मीटरवर गेली, म्हणजे गावच पाण्याखाली! काम मोंतेकातिनी कंपनीचं, हेतू वीजनिर्मितीचा. पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला होता, पण गावकरी जर्मन बोलणारे. योजनेची नोटीस गावात लागली ती इटालियनमध्ये. ज्यांची घरं जाणार, त्यांतल्या बहुतेकांना ती वाचताच येत नव्हती. हरकतीची मुदत अशी पाळली, की कागदोपत्री सगळं नियमात आणि गाव अंधारात. मला यातली सर्वांत संतापजनक गोष्ट हीच वाटते.

दुसऱ्या महायुद्धामुळे काम रेंगाळलं आणि 1947 मध्ये पुन्हा जोरात सुरू झालं. स्वित्झर्लंडमधून पैसा आला, त्या बदल्यात वीज द्यायची होती.

काही जण लिहितात, गावकरी भरपाई घेऊन राजीखुशीने उठले. मग या पॅरिशचे फादर आल्फ्रेड रीपर लोकांचं गाऱ्हाणं घेऊन थेट पोप पायस बारावे यांच्यापर्यंत कशाला गेले असते? धरण त्यानेही थांबलं नाही. 1950 मध्ये पाणी चढलं आणि 163 घरं, 523 हेक्टर जमीन त्यात गेली. भरपाई तुटपुंजी होती. कित्येक कुटुंबांच्या वाट्याला आधी बराकी आल्या आणि अनेकांनी खोरंच सोडलं. जे राहिले, त्यांनी वरच्या अंगाला नवं ग्राउन वसवलं. तिथे नवं चर्चही आहे.

2021 मध्ये दुरुस्तीसाठी तळं बरंचसं रिकामं केलं, तेव्हा जुन्या घरांच्या भिंती, पायऱ्या आणि तळघरं उघडी पडली होती. त्या घरांतून जबरदस्तीने उठवलेली माणसं गेल्या शतकातली आहेत, दंतकथेतली नाहीत.