"फॅन उलटा बसवला" या तक्रारीवर आमचं उत्तर

राम राम भाऊ,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला: पीसी उशिरा मिळाला, फॅन उलटा बसवला, घरघर करतो आणि वर ६५० रुपये घेतले. पीसी एक दिवस उशिरा मिळाला, ही चूक आमचीच. १२० मिलिमीटरचा फॅन संपला होता, तेव्हाच फोन करायला हवा होता. माफ करा.

पण "फॅनच उलटा बसवला, गार हवा आत घ्यायची सोडून बाहेर फेकतोय" हे तुम्ही सगळ्या जळगावासमोर लिहिलंत, ते फार लागलं. भाऊ, तो कॅबिनेटच्या मागचा एक्झॉस्ट फॅन आहे, बाहेर फेकणं हेच त्याचं काम. गार हवा पुढच्या जाळीमागचा फॅन घेतो. ती प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावरून तापून वर, मागे सरकते आणि मागचा फॅन ती काढून टाकतो. दोन्ही फॅन आत फुंकायला लागले तर गरम हवा मधेच कोंडते.

फॅनच्या एका बाजूला नुसती पाती दिसतात, दुसऱ्या बाजूला मोटर आणि तिला धरणाऱ्या पट्ट्या. हवा पट्ट्यांच्या बाजूने बाहेर पडते. आम्ही ती बाजू मागच्या जाळीला लावून दिली होती, म्हणजे साइड पॅनल काढल्यावर आतून पाती दिसायला हवीत. तुम्ही टाकलेल्या फोटोत आतून पट्ट्या आणि मोटरवरचं स्टिकर दिसतंय, स्क्रूही चारच्या जागी तीनच. आम्ही दिला तेव्हा तो हवा बाहेरच फेकत होता, दुकानातून गेल्यावर कोणीतरी फॅन खोलून पलटवलाय, आता तो आत ओढतोय. घरघर त्या रिकाम्या कोपऱ्याची आहे, फ्रेम पत्र्यावर थरथरते. खात्री करायची तर टिश्यू पेपरचा तुकडा मागच्या जाळीजवळ धरा. बाहेर उडाला तर फॅन बरोबर, जाळीला चिकटला तर उलटा.

तुम्ही म्हणता तो ८० मिलिमीटरचा, ३००० आरपीएमचा (मिनिटाला ३००० फेऱ्यांचा) फॅन मुद्दाम नाही लावला. तेवढीच हवा काढायला लहान पात्यांना खूप जोरात फिरावं लागतं, आवाज याहून वाढला असता. आणि ६५० रुपये नुसत्या फॅनचे नाहीत, त्यात थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता त्याच्या कूलरकडे नेणारा लेप) आणि ब्लोअरने केलेली सफाईही आली.

कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नका, हे पीसी देतानाच सांगितलं होतं. फोटोत तो कप्प्यातच आहे. तिथे मागून निघालेली गरम हवा पुढून परत आत जाते. आपल्याकडच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, त्याहून गार कोणताही फॅन आतली हवा करू शकत नाही. बाहेर काढा, मागे भिंतीपासून अर्धा फूट जागा सोडा.

यापुढे उशीर होणार असेल तर कळवत जाऊ, फॅनही जास्तीचे ठेवू. दुकान लहान आहे भाऊ, नवं गिऱ्हाईक हेच वाचून येतं किंवा परत जातं. पीसी घेऊन या, फॅन सरळ करून चौथा स्क्रू लावून देतो, एक रुपया घेणार नाही. टिश्यू पेपर तुमच्याच हाताने धरून बघा, मग तो एक स्टार ठेवायचा का ते ठरवा.