एक टीबीची डिस्क आणि तीन हिशेब

"राजरोस लूट आहे ही," बारक्याने कट्ट्यावर टेकायच्या आधीच जाहीर केलं. नवी एक टीबीची, म्हणजे टेराबाइटची, हार्ड डिस्क लॅपटॉपला लावली, तर विंडोज म्हणतंय ९३१ जीबी. "६९ जीबी गिळले!"

"६९ कुठले? ९३," अण्णांनी तेल ओतलं. "टीबी म्हणजे १०२४ जीबी. घाल वजाबाकी."

"फॉरमॅटिंगमध्ये जातात हो," कोणीतरी ठेवणीतलं उत्तर काढलं. फॉरमॅटिंगला थोडी जागा लागते हे खरं, पण प्रत्येक तक्रारीवर तेच औषध कसं चालेल?

मास्तर, म्हणजे आमच्यातला प्रोग्रॅमर, इतका वेळ गप्प होता. "एक बाइटही गेलेला नाही. डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि कपॅसिटीपुढचा लांबलचक आकडा वाच."

बारक्याने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि स्क्रीनवर बोट ठेवून एकं, दहं, शतं सुरू केलं. लाख कोटी! शिवाय वर थोडी चिल्लर.

"टेरा म्हणजे लाख कोटीच. बॉक्सवर लिहिलं तेवढं मिळालं. आता त्याला १०२४ ने भाग. तीनदा."

मोबाइलचा कॅल्क्युलेटर निघाला. पहिल्या भागाकाराला ९७ कोटी ६५ लाख ६२ हजार ५००. दुसऱ्याला ९ लाख ५३ हजार ६७४. तिसऱ्याला ९३१. बारक्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

अण्णा मात्र हटेनात. "म्हणजे १०२४ च खरं! रॅम बघ की."

"रॅमचं ठीक आहे," मास्तर म्हणाला. "तिथे मेमरीतल्या जागेचा पत्ता सांगणारी एक लाइन वाढली की जागा दुप्पट होते. दहा लाइनींना १०२४. डिस्कला असली सक्ती नाही, बसतील तेवढे सेक्टर, म्हणजे साठवणीचे कप्पे. किलो, मेगा म्हणजे हजाराच्या पटी. १०२४ वाल्यांसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९९८ मध्येच वेगळी नावं दिली: किबी, मेबी, गिबी. विंडोज मोजतं गिबिबाइटमध्ये आणि पुढे लिहितं जीबी. मॅकने २००९ च्या स्नो लेपर्डपासून हजाराने मोजायला घेतलं. तिथे हीच डिस्क एक टीबी दिसेल."

"गिबिबाइट! चारचौघांत बोलून दाखव बरं," अण्णा म्हणाले, आणि यावर मास्तरकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते दोष विंडोजच्या लेबलचाच. पण बोलताना मीही जीबीच म्हणणार. शिवाय केबीच्या काळात हा फरक होता २.४ टक्के, कोण विचारतं? तो प्रत्येक पायरीला वाढत टेरापाशी दहा टक्क्यांवर आला, तेव्हा लोक ओरडायला लागले.

"आमच्या फ्लॉपीत असली भानगड नव्हती. १.४४ एमबी म्हणजे १.४४ एमबी."

मास्तरला हसू आवरेना. "अण्णा, ती तर दोन्हीकडची! १४४० गुणिले १०२४ बाइट. एकदा हजार, एकदा १०२४. कुठल्याच हिशेबाने १.४४ येत नाही."

अण्णा गप्प बसले असते, पण बारक्याला नवीन शंका आली. "मग माझं नेट १०० एमबीचं, आणि डाउनलोड बाराच्या पुढे का सरकत नाही?"

"ते मेगाबिट रे, मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भाग."

"आणि तिथला मेगा कुठला?" अण्णांनी लगेच संधी साधली. "हजारवाला की १०२४ वाला?"

"हजारवाला."

"बघा! म्हणजे रॅमला एक, डिस्कला एक, आणि नेटला बिट. आणि म्हणे शास्त्र!"